'पेक्षा'चं इंग्रजी: तुलनेच्या वाक्यांबद्दल पोरं आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

दारव्हा-कारंजा पट्ट्यातल्या एका गावात मी दहावी-बारावीला इंग्रजी शिकवते. टिनाच्या शेडमध्ये क्लास भरतो, पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं नाहीतर सायकलनं येतात. घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि पेपरात इंग्रजी, असा त्यांचा तिहेरी संसार. तुलनेची वाक्यं आली की दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत ठेवली आहेत, कारण माझी पोरंही वहीच्या समासात ती तशीच लिहून ठेवतात. स्पेलिंग जिथं बदलतं तिथं ते वेगळं सांगितलं आहे.

मॅडम, 'राम इज टॉल दॅन शाम' काऊन चुकलं? 'दॅन' तर टाकला ना मी!

ही सगळ्यांची पहिली चूक. यात पोरांचा दोष कमी, मराठीच्या वळणाचा जास्त. "राम उंच आहे" आणि "राम शामपेक्षा उंच आहे" ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. 'उंच' दोन्हीकडे जसाच्या तसा. तुलनेचा सगळा भार आपण शामच्या पाठीवर टाकतो: शामपेक्षा, शामहून, आणि आजीच्या तोंडी शामपरीस. विशेषणाला हातही लावत नाही.

इंग्रजीत दोन जागी खूण करावी लागते. शामच्या आधी 'दॅन' आणि विशेषणावर 'अर': 'राम इज टॉलर दॅन शाम'. 'दॅन' आपल्याला सुचतो, कारण तो 'पेक्षा'च्या जागी बसतो. 'अर' सुचत नाही, कारण त्याच्या जोडीचं मराठीत काही नाहीच. नुसता 'दॅन' टाकणं म्हणजे बंडीला एकच बैल जुंपणं. म्हणून 'दॅन' लिहिला की पेन थांबवायचा, मागं वळून विशेषण बघायचं आणि त्याला 'अर' किंवा त्याच्या आधी 'मोर' लागलं का ते तपासायचं.

याच मुळातून दुसरी एक चूक निघते: 'राम इज टॉल फ्रॉम शाम'. 'शामहून'मधला 'हून' 'गावाहून आला' यातही असतो, म्हणून पोट्टे 'फ्रॉम' लावून मोकळे होतात. गावाहून येताना 'फ्रॉम' बरोबर, तुलनेत नाही.

मग मराठीत विशेषण बदलतच नाही का?

बोलण्यात नाही, पण गणिताच्या वहीत बदलतं. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. लघु, लघुतर, लघुतम: ही संस्कृतची पद्धत, आणि इंग्रजीच्या 'स्मॉल, स्मॉलर, स्मॉलेस्ट'सारखीच. इंग्रजीच्या 'एस्ट'शी तर संस्कृतच्या 'इष्ठ'चं थेट नातं आहे. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांच्यात तोच प्रत्यय आहे. 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' हे एकाच मुळातून निघालेले लांबचे भाऊ. मराठीनं हे शब्द घेतले आणि त्यांच्यातली तुलना विसरून गेली, म्हणून आपण बिनधास्त 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. नीट पाहिलं तर त्यात 'सर्वात' दोनदा आलं. ही गोष्ट पुढच्या प्रश्नाला उपयोगी पडते.

'मोर बेटर' चालते का? सगळेच तर म्हणतात.

नाही चालत. हे मी स्वतःच्या पैशानं शिकले आहे. क्लास सुरू केला त्या वर्षी बसस्टँडसमोर फ्लेक्स लावला होता. त्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'फॉर मोर बेटर रिझल्ट्स'. मजकूर मीच लिहून दिला होता, फ्लेक्सवाल्याची काही चूक नव्हती. तीन आठवड्यांनी एक निवृत्त मुख्याध्यापक एसटीची वाट बघत उभे होते. मला हाक मारून म्हणाले, "बाई, ते 'मोर' तेवढं झाकून टाका, बाकी फ्लेक्स चांगला आहे." घरून खाकी टेप आणून स्टुलावर चढून मी तो शब्द झाकला. पावसाळ्यात टेप निघाली आणि 'मोर' पुन्हा दिसायला लागला.

'बेटर'च्या पोटातच 'मोर' आहे. 'गुड'ची तुलना करून झाली की 'बेटर' होतो, त्यावर आणखी 'मोर' म्हणजे चहात साखर घालून वर गूळ. 'मोर टॉलर', 'मोर बिगर', 'मोर चीपर' सगळे याच रांगेतले. आपल्याकडून हे होतं ते 'जास्त चांगला'मुळे: 'जास्त'चं 'मोर', 'चांगला'चं 'बेटर'. शेक्सपिअरच्या काळी इंग्रज स्वतःही अशी दुहेरी रूपं वापरत. आता ती चूक धरली जाते, आणि पेपर तपासणारे शेक्सपिअरचा दाखला ऐकून घेत नाहीत.

'अर' कधी लावायचा आणि 'मोर' कधी?

हनुवटीखाली तळहात धरा आणि शब्द हळू म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येते तितके तुकडे. 'टॉल' एकदा, 'हेवी' दोनदा, 'ब्यूटिफुल' तीनदा.

एक तुकडा असेल तर 'अर': टॉलर, चीपर, हॉटर. तीन किंवा जास्त असतील तर 'मोर': मोर ब्यूटिफुल, मोर एक्स्पेन्सिव्ह. गडबड दोन तुकड्यांत होते. शेवटी 'ई'चा उच्चार करणारा 'वाय' असेल तर बहुतेक वेळा 'अर': हेवी-हेविअर, ईझी-ईझिअर. 'नॅरो'चं 'नॅरोअर', 'सिंपल'चं 'सिंपलर'. बाकी दोन तुकडेवाले, 'केअरफुल', 'मॉडर्न', 'फेमस' वगैरे, 'मोर' घेतात. काही शब्दांना दोन्ही चालतं. 'क्लेव्हर'चं 'क्लेव्हरर' पण बरोबर आणि 'मोर क्लेव्हर' पण. असा शब्द आला की पोरं घाबरतात, खरं तर तिथंच निश्चिंत राहावं.

एक फसवा गट लक्षात ठेवा: 'टायर्ड', 'बोअर्ड' यांसारखी क्रियापदापासून झालेली विशेषणं. शब्द छोटे असले तरी त्यांना 'मोर' लागतं. कापूस वेचून आलेली आई 'मोर टायर्ड' असते, 'टायर्डर' नाही.

स्पेलिंगमध्ये कधी अक्षर दोनदा येते, कधी नाही. हे कसं ओळखू?

एका तुकड्याच्या शब्दात शेवटी एकच व्यंजन आणि त्याच्या आधी एकच स्वर असला की व्यंजन दुप्पट होतं: 'बिग'मधला 'जी' दोनदा, 'हॉट'मधला 'टी' दोनदा, 'थिन'मधला 'एन' दोनदा. 'चीप'मध्ये आधी दोन स्वर आहेत, म्हणून 'पी' एकदाच. 'टॉल'मध्ये दोन 'एल' आधीपासूनच आहेत. 'हेवी', 'ड्राय' यांच्या शेवटचा 'वाय' जाऊन 'आय' येतो आणि मग 'ई-आर'.

'जास्त' म्हणजे 'मोर'च ना?

अर्धंच. इथं जरा थांबा, कारण हा शब्द मराठी माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त फसवतो.

मागच्या हिवाळ्यात एका पोरीनं निबंधात लिहिलं, 'देअर वॉज मोर रेन, सो द सोयाबीन वॉज स्पॉइल्ड'. तिला विचारलं, कशापेक्षा मोर? म्हणाली, "कशापेक्षा नाही मॅडम, जास्तच झाला ना." तिच्या मनात होतं 'पाऊस अति झाला'. मराठीत 'जास्त' हे दोन्ही सांगतो: गेल्या वर्षीपेक्षा जास्त, आणि हवा त्याच्यापेक्षा जास्त. इंग्रजीत या दोन कप्प्यांना दोन शब्द आहेत. गेल्या वर्षीशी तुलना असेल तर 'मोर रेन दॅन लास्ट इयर'. गरजेपेक्षा अति असेल तर 'टू मच रेन'. चहात साखर जास्त झाली तर 'टू मच शुगर', त्यात आणखी चमचा घालायचा असेल तर 'मोर शुगर'. पाहुण्याच्या घरी या दोन वाक्यांत गफलत झाली तर काय होईल ते सांगायला नको.

आणि कधी 'जास्त' नुसता 'खूप' असतो: "मी जास्त बोलत नाही." तिथं 'मोर' अजिबात नको: 'आय डोंट टॉक मच'. परीक्षा एकच: मनात 'कशापेक्षा?' असा प्रश्न विचारा. उत्तर माणूस, वस्तू, वेळ असं काही निघालं तर 'मोर'. 'हवं त्यापेक्षा' निघालं तर 'टू'. काहीच निघालं नाही तर तुलना नाहीच.

'लय मोठा'ला 'व्हेरी बिग' म्हणते, तर 'त्याच्यापेक्षा लय मोठा'ला 'व्हेरी बिगर' काऊन नाही?

कारण 'व्हेरी' साध्या विशेषणाचा सोबती आहे, तुलनेच्या रूपाजवळ तो जात नाही. तिथं 'मच' किंवा इंग्रजीतला 'फार' लागतो: 'मच बिगर', 'फार बेटर'. बोलताना 'अ लॉट बिगर' चांगलं. थोडासाच फरक असेल तर 'अ लिटल बिगर'. आपला 'लय' दोन्हीकडे चालतो, हा आपला श्रीमंतपणा.

'अजून मोठा' असेल तर 'इव्हन बिगर' किंवा 'स्टिल बिगर'.

'कमी'ला 'लेस' की 'फ्यूअर'?

मोजून सांगता येत असेल तर 'फ्यूअर', ओतून किंवा अंदाजानं सांगत असाल तर 'लेस'. विहिरीत यंदा 'लेस वॉटर', घरात 'फ्यूअर बॅग्ज ऑफ तूर'. मात्र अंतर, वजन, पैसा, वेळ यांचे आकडे इंग्रजी एकत्र गठ्ठा म्हणून बघतं, तिथं आकडा असूनही 'लेस' येतो: 'लेस दॅन टेन क्विंटल्स', 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स'. पोती मोजायची असतात, क्विंटल तोलायचा असतो, असं धरून चाला.

'द समर ऑफ चंद्रपूर इज हॉटर दॅन चिखलदरा' यात काय चूक? सगळं तर दिसते.

दिसते खरं, पण यात उन्हाळ्याची तुलना गावाशी झाली. मराठीत "चंद्रपूरचा उन्हाळा चिखलदऱ्यापेक्षा कडक" म्हटलं की ऐकणारा दुसरा 'उन्हाळा' मनातल्या मनात भरून घेतो. तो भरायची जागाही आपण ठेवलेली असते: 'चिखलदऱ्याच्यापेक्षा' म्हटलं की त्या 'च्या'त उन्हाळा लपलेला असतो. लेखी इंग्रजी ही मोकळीक देत नाही. तिथं जागा भरायला 'दॅट ऑफ' लागतो: 'द समर ऑफ चंद्रपूर इज हॉटर दॅन दॅट ऑफ चिखलदरा'. अनेकवचन असेल तर 'दोज ऑफ': 'द ऑरेंजेस ऑफ वरुड आर स्वीटर दॅन दोज ऑफ अवर व्हिलेज'. (वरुडकरांना खूश करायला नाही, उदाहरणाला बरं पडतं म्हणून.)

बोलताना 'दॅट ऑफ' फार सोवळं वाटतं. तिथं सरळ वाक्य फिरवा: 'चंद्रपूर इज हॉटर दॅन चिखलदरा इन समर'. गावाची तुलना गावाशी झाली, भानगड मिटली. चिखलदरा साधारण १,१०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा वाक्य खरंही आहे.

'जितकं… तितकं…' कसं लिहायचं?

आपली ही जोडी दोन कामं करते आणि इंग्रजीत त्यांच्या दोन वेगवेगळ्या रचना होतात.

बरोबरी दाखवायची असेल तर 'अ‍ॅज… अ‍ॅज': "पराटी माझ्या खांद्याइतकी उंच झाली" म्हणजे 'द कॉटन प्लांट इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज माय शोल्डर'. या दोन 'अ‍ॅज'च्या मध्ये विशेषण साधंच राहतं. 'अ‍ॅज टॉलर अ‍ॅज' लिहिलं की गेलं. 'तितका नाही' असेल तर 'नॉट अ‍ॅज टॉल अ‍ॅज', किंवा 'नॉट सो टॉल अ‍ॅज'. नकारात दोन्ही चालतात. बरोबरी सांगताना मात्र पहिला शब्द 'अ‍ॅज'च ठेवायचा, 'सो' नाही.

एक वाढलं की दुसरं वाढतं असं सांगायचं असेल तर 'द… द…' आणि दोन्हीकडे तुलनेचं रूप: 'द डीपर यू डिग, द हार्डर द रॉक'. जितकं खोल खणाल तितका खडक कठीण, हे आपल्याकडे विहीर खोदणाऱ्याला शिकवावं लागत नाही. इथं पोरं दोन ठिकाणी घसरतात. एक, पहिला 'द' खातात. दोन, 'द मोर डीप' लिहितात. हा 'द' नेहमीचा 'तो अमुक'वाला 'द' नाहीच. तो जुन्या इंग्रजीतल्या 'तितक्यानं' अशा अर्थाच्या सर्वनामाचा उरलेला तुकडा आहे, म्हणजे थेट आपल्या 'तितकं'चा भाऊबंद. म्हणून दोन्हीकडे तो लागतो, जसं 'जितकं' म्हटल्यावर 'तितकं' म्हणावंच लागतं.

डिग्री बदला म्हणते पेपरात. एक वाक्य तीन प्रकारे कसं करू?

डिग्री म्हणजे विशेषणाची पायरी: साधी, तुलनेची आणि सगळ्यात वरची. पायरी बदलताना अर्थ हलू द्यायचा नाही, एवढंच. गडचिरोली हा विदर्भातला क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा जिल्हा. आता पाहा:

'गडचिरोली इज द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट इन विदर्भ.'
'गडचिरोली इज लार्जर दॅन एनी अदर डिस्ट्रिक्ट इन विदर्भ.'
'नो अदर डिस्ट्रिक्ट इन विदर्भ इज अ‍ॅज लार्ज अ‍ॅज गडचिरोली.'

मार्क जातात ते 'अदर' गाळल्यावर. नुसतं 'एनी डिस्ट्रिक्ट इन विदर्भ' म्हटलं तर विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत गडचिरोलीही आली, आणि ती स्वतःपेक्षा मोठी कशी असेल? पण 'गडचिरोली इज लार्जर दॅन एनी डिस्ट्रिक्ट इन कोकण' यात 'अदर' नको, कारण गडचिरोली कोकणात नाही. हे एकदा नकाशावर बोट ठेवून दाखवलं की पोरं परत चुकत नाहीत. नुसता नियम पाठ करून घेतला की चुकतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

आणि 'वन ऑफ द' असलं तर?

'वन ऑफ द' नंतरचं नाम अनेकवचनात: 'ताडोबा इज वन ऑफ द ओल्डेस्ट नॅशनल पार्क्स इन इंडिया'. 'पार्क' लिहिलं तर चूक. बदलताना 'ताडोबा इज ओल्डर दॅन मोस्ट अदर नॅशनल पार्क्स इन इंडिया' आणि 'व्हेरी फ्यू नॅशनल पार्क्स इन इंडिया आर अ‍ॅज ओल्ड अ‍ॅज ताडोबा'. 'व्हेरी फ्यू' आलं की क्रियापद 'आर'. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर 'वन ऑफ' लागतच नाही. १९५५ साली झालेलं ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं सरळ 'द ओल्डेस्ट' लिहा.

'सीनिअर'नंतर 'दॅन' की 'टू'?

'टू'. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फिरिअर, प्रायर ही मंडळी लॅटिनमधून आली आणि येतानाच तुलनेचं रूप घेऊन आली. 'सीनिअर' म्हणजे लॅटिनमध्ये मुळातच 'अधिक वयाचा'. म्हणून त्यांना 'अर'ही नको आणि 'दॅन'ही नको: 'शी इज सीनिअर टू मी'. नोकरीतल्या पदाबद्दल 'मोर सीनिअर दॅन' असं इंग्रज आज सर्रास लिहितात, आणि त्याला चूक म्हणायला माझं मन होत नाही. पण बोर्डाच्या पेपरात 'टू'च लिहा, तिथं वाद घालायला कोणी बसलेलं नसतं.

'प्रिफर'लाही 'टू': 'आय प्रिफर भाकर टू चपाती'. 'वुड रादर' घेतलं तर मात्र 'दॅन': 'आय वुड रादर ईट भाकर दॅन चपाती'.

मोठा भाऊ 'एल्डर' की 'ओल्डर'?

थोरला म्हणून ओळख करून देताना 'माय एल्डर ब्रदर'. वयाची तुलना करताना 'ही इज ओल्डर दॅन मी'. 'एल्डर दॅन मी' नको. आपल्याकडे 'एल्डर टू मी' खूप ऐकू येतं, पेपरात ते टाळा. दोन वर्षांनी मोठा असेल तर आकडा आधी येतो: 'टू इयर्स ओल्डर दॅन मी'. 'ओल्डर दॅन मी बाय टू इयर्स' हेही बरोबर, फक्त लांबलचक. नागपूर विद्यापीठ १९२३ चं आणि अमरावती विद्यापीठ १९८३ चं, तेव्हा 'नागपूर युनिव्हर्सिटी इज सिक्स्टी इयर्स ओल्डर दॅन अमरावती युनिव्हर्सिटी'.

'दॅन आय' की 'दॅन मी'?

बोलताना 'दॅन मी'. लिहिताना 'दॅन आय अ‍ॅम', म्हणजे कोणाचीच तक्रार नाही. जिथं अर्थ दोन होतात तिथं मात्र वाक्य पूर्ण करा. 'आई लव्हज द गोट मोर दॅन मी' याचा एक अर्थ आई माझ्यापेक्षा बकरीवर जास्त जीव लावते, दुसरा, बकरीवर माझा आहे त्याहून आईचा जीव जास्त. दुसरा अर्थ हवा असेल तर 'मोर दॅन आय डू'. पहिला असेल तर काही लिहू नका, आईशी बोला.

दुप्पट, दीडपट कसं सांगायचं?

'ट्वाइस अ‍ॅज… अ‍ॅज'. मूर्तिजापूरहून शकुंतला या छोट्या रेल्वेच्या दोन फांद्या निघायच्या: यवतमाळची ११३ किलोमीटर आणि अचलपूरची ७६. म्हणून 'द यवतमाळ लाइन इज अबाउट वन अँड अ हाफ टाइम्स अ‍ॅज लाँग अ‍ॅज द अचलपूर लाइन'. 'दीडपट मोर लाँग' नाही. तिप्पट असेल तर 'थ्री टाइम्स अ‍ॅज लाँग अ‍ॅज' लिहा. 'थ्री टाइम्स लाँगर' असंही लिहिलेलं दिसतं, पण त्याचा अर्थ तिप्पट की चौपट यावर वाद होतो. 'अ‍ॅज'वाल्या वाक्यात वादाला जागा नाही.

आणि शकुंतलेचा रूळ अरुंद, ७६२ मिलिमीटरचा, तर मोठ्या लाइनचा १,६७६. 'नॅरोअर' आणि 'दॅट ऑफ' यांचा सराव करायला याहून सोपं उदाहरण मला अजून सापडलं नाही. ज्या पोरांनी ती गाडी धावताना पाहिली नाही, त्यांनीही रुळावर उभं राहून फोटो काढलेले असतात.

'अ‍ॅज कंपेअर्ड टू' लिहिलं तर चालते?

'मोर' किंवा 'अर' आला असेल तर 'दॅन'च. 'द रेट इज हायर अ‍ॅज कंपेअर्ड टू लास्ट इयर' हे 'हायर दॅन लास्ट इयर' इतकंच आहे, दोन शब्द फुकट.

तब्येतीला 'बरं वाटते' म्हणजे 'गुड' की 'बेटर'?

ताप होता आणि उतरला, तर 'आय अ‍ॅम फीलिंग बेटर'. इथं 'दॅन' नसला तरी तुलना आहे, कालच्या आपल्याच तब्येतीशी. पण कोणी कामापुरतं विचारलं आणि त्याला "बरं आहे" असं सांगत असाल तर 'आय अ‍ॅम फाइन'. त्याला 'बेटर' म्हटलं तर तो विचारेल, काय झालं होतं?

'एकापेक्षा एक हुशार' याचं काय करू?

काही करू नका. 'वन दॅन वन' असलं काही इंग्रजीत नाही. सरळ लिहा, 'दे आर ऑल व्हेरी क्लेव्हर'. मजा जाते, हे मान्य.

दोनच असले तर 'बेटर' की 'बेस्ट'?

दोनात तुलनेचं रूप, तिनापासून पुढे 'एस्ट'. 'ऑफ द टू' आलं की 'बेटर'च्या आधी 'द'ही येतो, एरवी तो येत नाही: 'द बेटर ऑफ द टू'. बोलताना इंग्रजही दोनात 'बेस्ट' म्हणून जातात, पेपरात तुम्ही जाऊ नका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी क्लासला निम्मीच पोरं होती. आलेल्यांना बैलांवर पाच वाक्यं लिहायला सांगितली. एकानं लिहिलं, 'द लेफ्ट बुलॉक इज द स्ट्राँगेस्ट ऑफ द टू'. मी 'स्ट्राँगेस्ट' खोडून 'स्ट्राँगर' केलं. तो वही घेऊन परत आला आणि म्हणाला, "मॅडम, व्याकरण बरोबर केलं तुम्ही. पण आता उजवाच स्ट्राँगर झाला आहे, डाव्याचा पाय कालपासून सुजला." मग 'लेफ्ट'ही खोडलं.